रात्रीची शेवटची खेप

पावणेअकराला पोरीनं पुन्हा सूर लावला.
नाव शांता.
सुलक्षाच्या वारलेल्या आत्येचं, हौसेनं ठेवलेलं;
आता आमच्या वाड्यावर कुणी ते मोठ्यानं घेत नाही,
हसू येतं म्हणून.

बेंबीभोवती हिंग लावून झाला.
ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून पोट शेकून झालं.
म्हापशाच्या डॉक्टरांनी पोटावर टिचक्या मारून पाहिल्या,
बाजारात कलिंगड निवडावं तशा,
आणि म्हणाले, "काही नाही. तीन महिने झाले की थांबेल."
तीन महिने परवा झाले.
शांतानं कॅलेंडर पाहिलेलं नाही.

शेजारच्या एस्पेरांसाबाय
तुरटी अन् सुक्या मिरच्या ओवाळून गेल्या.
निखाऱ्यावर तुरटी फुगली, तिच्यात त्यांना एक चेहरा दिसला.
कुणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही;
फक्त दुसऱ्या दिवसापासून
माझ्या मावशीशी बोलायच्या थांबल्या.

मला गाता येत नाही.
सुलक्षाला येतं, पण या आठवड्यात तिचा आवाज
ओल्या काडेपेटीसारखा झालाय,
कितीही घासा, पेटत नाही.
ती म्हणाली, "घेऊन जा हिला. कुठंही. अर्धा तास."
म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही,
टोपड्याची गाठ मात्र
दोनदा तपासली.

तर मी चोडणच्या धक्क्यावर,
खांद्यावर किंकाळी, काखेत दुपटं.
फेरीबोटीत आम्ही दोघं, एक स्कूटरवाला,
आणि बर्फ वितळून गेलेली माशांची एक रिकामी पाटी.
फळी करकरत वर गेली.
खाली इंजिन खाकरलं.

ते आधी तळपायांना कळतं.
मग गुडघ्यांना, मग बरगड्यांना,
आणि बरगड्यांवर जिचा गाल टेकलेला
तिला सगळ्यात शेवटी.
आवाज मध्येच अडकला.
एक उचकी. अजून एक.
मग ती ऐकू लागली.

मांडवी काळी, जड, भरतीची.
खाली पणजीकडे कॅसिनोंचे दिवे
पाण्यात रंग सांडत होते,
आणि शांता, वय तीन महिने दोन दिवस,
त्यांच्याकडे बघत होती
सगळं हरून निघालेल्या माणसासारखी:
डोळे लाल, मूठ घट्ट.

रायबंदरला बोट टेकली. इंजिन बंद.
ही सुरू.
इंजिनवाला खुशाली खालून वर आला,
हातांना ग्रीस, कानांत कापूस.
माफ कर, म्हटलं.
"कित्याक? हिका म्हजें मशीन कळटा.
म्हजे बायलेक केन्नाच कळ्ळें ना."

परतीला उतारू नव्हतेच.
चोडणला लागल्यावरही त्यानं इंजिन दहा मिनिटं
तसंच धुगधुगत ठेवलं.
डिझेल सरकारचं, मी म्हणालो.
तो म्हणाला, वहीत भरतीच्या नावावर लिहीन.

धक्क्यापासून घर सातशे पावलं.
खाजनाचा बांध, बेडूक,
कुणाच्या तरी कुत्र्याचा संशय.
दोनशेव्या पावलाला तिचा खालचा ओठ थरथरला,
आणि मी, गाता न येणारा मी,
घशातून तीच धुगधुग काढली.
शब्द नाहीत, चाल नाही,
नुसतं डिझेल.
लाज वाटली.
पुढच्या वळणापर्यंत वाटली.

दारात सुलक्षा.
उंबऱ्यावर बसल्या बसल्या झोपलेली,
पाठ चौकटीला, तोंड उघडं,
एका पायात चप्पल.
आत जायचं तर तिला ओलांडावं लागलं असतं.

म्हणून मी अंगणातच फेऱ्या मारल्या,
तुळशीपासून विहिरीपर्यंत,
विहिरीपासून तुळशीपर्यंत,
छातीतलं ते यंत्र हळू चालू ठेवून.
दोन्ही काठांवर कुणी चढत नव्हतं,
कुणी उतरत नव्हतं.